पाच तळावर

जोतीरामआबाला वडूजच्या आसपासची माणसं दोन गोष्टींसाठी वळखत हुती. एक म्हंजे त्येची मेंढरं कवा कुणाच्या उभ्या पिकात शिरली न्हाईत. आन दुसरं, मोजायच्या बाबतीत त्येच्यासंगं कुणी पैज लावायची न्हाई. शाळा चौथीपातूर. पर त्या चार वर्सांत गुर्जींनी भागाकार असा काय डोस्क्यात ठोकला हुता की सत्तरी आली तरी खिळा हलला न्हवता.

मेंढरं मोजायची त्येची एक तऱ्हा हुती. सांजचं वाघरीच्या, म्हंजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी हुबा ऱ्हायचा आन जोडी-जोडीनं आत सोडायचा. एखादी मेंढी नवी व्यालेली असली, एखादी लंगडत असली, तर ती रानात न्हेत न्हाईत, तळावरच ठेवत्यात. मग रानातली मोजून झाली की आबा तोंडानं म्हणायचा, "आन तीन तळावर." तवा मोजणी पुरी. त्येच्या आईची शिकवण हुती ती. म्हणायची, डोळ्याम्होरं न्हाई म्हणून मोजायचं सोडलं तर मेंढरू रुसतंय. साठ वर्सं त्यो असा मोजत आला. त्येची जीभ आपुआप त्येवढं बोलायची, डोस्क्याला इचारायचीबी न्हाई.

तर त्या दिवाळीला त्येची नात राजेश्वरी साताऱ्यासनं आली. पोरीचा बाप जयराज तिकडं एमआयडीसीत कामाला, पोरगी तिथंच कालेजात. गणित घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्साला. आता म्होरं पुण्याला जाऊन आणिक दोन वर्सं गणितच शिकायचं म्हणत हुती. जयराजनं काय केलं, हातातला निखारा बापाच्या वंजळीत टाकला. म्हणाला, "आबा म्हणतील तसं."

आबा म्हणाला, "बीएड कर. वडूजच्या शाळंत लाग. बास झालं."

"का पर आबा?"

"का म्हंजे? एवढं गणित शिकून कुणाची मेंढरं मोजायच्यात तुला?"

खरं कारण त्येनं सांगितलं न्हाई. आठ म्हयनं त्यो मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडायचा, चार म्हयनं घरी. त्या चार म्हयन्यांत सुट्टीच्या दिशी राजी साताऱ्यासनं यायची, घरात हसायची, आजीसंगं भांडायची, त्येच्यावर त्येचं वरीस निघायचं. ती वडूजला आली तर रोजच दिसणार. पुण्याला गेली की मग कशाची सुट्टी आन कशाचं काय. पर आसं बोलून दाखवायची रीत त्येच्यात न्हवती.

राजी काय रडली-बिडली न्हाई. तुळशीच्या लग्नाचा ऊस आंगणात पडला हुता, त्यो तिनं उचलला. बुडख्याकडनं आठ पेरं मोजली, वरचं पाल्याचं वाडं कोयत्यानं छाटलं. चुलीतला कोळसा घेतला आन दर पेरावर एक-एक आकडा लिवला. ७ ३ ९ ३ ९ १ ३ ३. बुडख्याला सात, शेंड्याला तीन.

"ह्यो बघा आबा. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. एवढी मेंढरं हायत आसं समजा. आता वाघरी लावा. दर वाघरीत सारखी मेंढरं, भाईर एकबी उरायचं न्हाई. जमतंय का बघा."

आबानं तिथंच बोटावर जोडीनं मोजलं. "दोननं एक उरतंय. तीननं दोन."

"कितीनंबी करा. ह्यो आकडा फुटत न्हाई. येकतर सगळी एकाच वाघरीत घाला, न्हाईतर दर मेंढराला आपली-आपली वाघर. तिसरी वाटच न्हाई."

"हॅट. जगात आसं काय नस्तंय जे वाटलं जात न्हाई."

"आजून खरी गंमत ऱ्हायलीया. शेंड्याचं पेरं तोडा."

आबानं कोयता मारला, पेरं तोंडात घातलं.

"आता काय ऱ्हायलं? त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. ह्योबी फुटत न्हाई. तोडा आणिक."

आबानं आणिक तोडलं. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव. फुटत न्हाई. आणिक तोडलं. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. न्हाई. सात हजार तीनशे त्र्याण्णव. न्हाई. राजी बोलत ऱ्हायली, आबा तोडत आन चावत ऱ्हायला. सातशे एकोणचाळीसला आल्यावर त्येनं सोता डोळे मिटून भागून बघितलं, तेरानं, सतरानं, तेवीसनं. न्हाई फुटला. मग त्र्याहत्तर. मग निस्तं सात.

राजीची आजी चंद्राबाई चुलीम्होरनं वरडली, "आगं बया, त्या म्हाताऱ्याला आठ पेरं खाऊ घाल्तीस व्हय? रातीला पोट धरून बसंल!"

"सातच खाल्ली," आबा म्हणाला. मग राजीकडं बघून, "बुडख्याकडं जावं तसं गोड लागतंय गं."

"त्येच म्हणतीया मी! शेंड्याकडनं कितीबी तोडा, जे ऱ्हातंय त्ये आखंडच ऱ्हातंय. असल्या आकड्यांचं एक घराणंच हाय आबा. समदे मिळून त्र्याऐंशी. आन ह्यो त्यातला सगळ्यात मोठा. ह्येच्या शेंड्याला नववं पेरं लावाया जा, एकापासनं नवापातूर कुठलाबी आकडा लावा, लावला की फुटला. ह्येच्याम्होरं कुणी न्हाई. ह्यो शेवटचा."

आबा चावायचा थांबला. "कुणीच न्हाई?"

"न्हाई."

आबाच्या म्होरंबी मेंढरं राखाया कुणी न्हवतं. जयराज कंपनीत, भावाची पोरं ममईला. त्येनं तोंडातलं चिपाड थुकलं आन म्हणाला, "मी न्हाई मानत. कुणी सांगितलं तुला फुटत न्हाई म्हणून?"

"मोबाईलवर एका सेकंदात कळतंय."

"मोबाईल उद्या पाऊस हाय म्हणूनबी सांगतोय. मी हातानं भागून दावतो."

"दावा! फुटला तर मी मुकाट्यानं बीएड करते, वडूजला ऱ्हाते. न्हाई फुटला तर?"

"न्हाई फुटला तर मी सोता तुला पुण्याच्या गाडीत बशिवतो. जयराजनं हूं का चूं केलं तर माझ्याशी गाठ."

"आबा, तुमचं उत्तर त्येच उत्तर. मी मोबाईल हातात घिऊन ताळा बघणार न्हाई. तुमी फुटला म्हणाला की फुटला."

"आगं, आन म्या खोटं सांगितलं तर?" आबानं डोळा मिचकावला.

"तुमी?" राजी येवढंच म्हणाली.

जायच्या आदी तिनं एका वहीत भागायचे आकडे लिवून दिले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. चार आन सहा मधनं गाळलेले. आबाला न सांगता कळलं. जी मेंढरं दोनाच्या वाघरीत बसली न्हाईत ती चाराच्यात कुठनं बसायची? पर यादी आठ हजार पाचशे सत्याण्णवला सपली, तवा त्यो अडला.

"हितंच का थांबायचं? कोटीपातूर आकडे हायत की."

"वाघरी किती आन दर वाघरीत मेंढरं किती, ह्यी जोडी आस्ती आबा. जू आस्तंय न्हवं, तसं. एक बैल मोठा झाला की दुसरा बारका. दोनीबी एवढ्याच्या वर आसतील तर मेंढरं सात कोटींच्या वर जात्यात. म्हणून जोडीतला एक तरी ह्या यादीतच गावला पायजे."

आबानं जरा इचार केला आन मान हलीवली. "गावला तर फुटला."

"गावला तर फुटला."

यादीत हजारावर आकडे हुते. आबानं पाच वह्या, चार पेनं घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घोंगड्यात गुंडाळली, घोड्यावर सामान लादलं आन भावकीतल्या दोन बिऱ्हाडांसंगं मेंढरं घिऊन निघाला.

दुपारी मेंढरं सावलीला बसली की आबाबी बसायचा. दिसाला पाच, कवा सहा-सात भागाकार. बाकीच्यांना वाटलं म्हातारा पोथी लिवतोय. अकरानं चार उरलं. तेरानं आठ. सत्तेचाळीसला निस्तं दोन उरलं, तवा त्येच्या छातीत धस्स झालं. फुटतोय म्हणून धस्स झालं का फुटंना म्हणून, त्ये त्येचं त्येला कळलं न्हाई. म्हसवडच्या पल्याड एका कोकरानं वहीचं पान खाल्लं, त्येचे नऊ भागाकार पुन्यांदा करावं लागलं. आबानं कोकराला शिव्या दिल्या आन त्येचं नाव मास्तर ठेवलं.

दर आयतवारी राजीचा फोन यायचा.

"आबा, कुठवर?"

"हजारात घुसलोय."

"हजारात व्हय? वा! जेवलाव का?"

बास. ती कवा इचारायची न्हाई की फुटला का. आन आबा आपण हून सांगायचा, "त्येराशे एकनं निम्म्याच्या वर उरलं बघ," आसं कायबाय, जसं काय एखाद्या पावण्याची खुशाली सांगतोय.

म्हयनं जात ऱ्हायलं तसं आबाला त्या आकड्याची सवं लागली. सकाळी उठलं की तोंडात त्योच. त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, तेहतीस. आशी जोडी-जोडीनं त्येनं त्येला पाठ केला हुता, मेंढरं मोजल्यागत. वाटंत एखादा खट मेंढा पाय रवून हुबा ऱ्हायला की आबा त्येला म्हणायचा, "काय रं, तू बी तेहतीसचा भाऊ काय?" यादीतल्या किती जणांनी त्या आकड्याला फोडाया बघितलं, आन त्यो बेटा दर खेपंला कायतरी उरवूनच भाईर पडायचा. मनातनं आबाला त्येचं कवतिक वाटाया लागलं. आन मग ध्यानात यायचं की ह्यो फुटला न्हाई तर राजी चालली. मग त्यो वही मिटायचा आन उगं मेंढरांवर वरडायचा.

वैशाखात मेंढरं आष्ट्याला दादासो सुभेदाराच्या रानात बसली. दादासो फौजंतनं आलेला, पंधरा एकर ऊस. ऊस तुटून रान मोकळं झालं की लेंडीखतासाठी दर साली जोतीरामचीच मेंढरं बसवायचा. मिशा आजून पलटणीतल्या, आवाज परेडीचा. त्येला ह्या भागाकाराचा सुगावा लागला आन त्येनं त्येचा सामनाच करून टाकला.

"क्या रिपोर्ट है, जोतीराम?"

"आठ हजार दोनशेच्या वर गेलो, सुभेदार."

"दुश्मन अजून खडा?"

"खडा."

"शाब्बास! दुश्मनबी शाब्बास, तूबी शाब्बास."

त्या दिशी सकाळी गडबड हुती. एका रातीत पाच मेंढ्या व्याल्या. कोकरं वली, मेंढ्या दमलेल्या. आबानं त्या पाची तळावर ठेवल्या, बाकीची मेंढरं रानात न्हेली. सकाळधरनं तीनदा मोजली. बांधाजवळ बिबट्या दिसल्याची कुणीतरी आवई उठीवली हुती, म्हणून जीव थाऱ्यावर न्हवता. मोजायचं आन म्हणायचं, पाच तळावर. मोजायचं आन म्हणायचं, पाच तळावर.

दुपारी लिंबाखाली वही उघडली. पाळी हुती आठ हजार दोनशे एक्क्याण्णवची. दादासो शेजारी बाजल्यावर पडून पेपर वाचत हुता.

आबानं भाग लावला. पयल्यांदा आठचा भाग गेला, आठानं गुणून सहासष्ट हजार तीनशे अठ्ठावीस वजा. मग नऊचा. मग एकचा. शेवटाला ऱ्हायली रास सहासष्ट हजार तीनशे आन वर कायतरी. त्येनं मेंढरांकडं एक नजर टाकली, पुन्यांदा वहीत बघितलं, आन पेन थांबलं. सहासष्ट हजार तीनशे अठ्ठावीस. वर लिवलेलीच रास. आठचा भाग. वजा केलं. शून्य.

आबानं पेनाला टोपण लावलं.

"सुभेदार," त्यो म्हणाला. "फुटला."

दादासो बाजल्यावरनं ताडकन उठला. "काय सांगतोस गड्या! फतेह! आरं जितलास की!" आन त्येचा सोभाव कसा, आबाचा फोन उचलला, राजीला लावलाबी, आन आवाज भाईर सोडला. "पोरी, दादासो आजोबा बोलतोय आष्ट्यावरनं. तुझ्या आज्यानं आकडा फोडला बघ!"

फोनवर साताऱ्यातल्या रिक्षांचे हारन ऐकू आलं.

"कितीनं?" राजीनं इचारलं.

"आठ हजार दोनशे एक्क्याण्णव!"

आता तिच्या हातातच फोन हुता. एक सेकंद लागला आसता.

"आबांनी सोता भागला न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं. बीएडचा फारम परवापातूर हाय, भरते मी. आबांना म्हणावं उन्हात बसू नका." फोन ठेवला.

दादासोच्या मिशा जरा खाली आल्या. "पोरगी शब्दाची पक्की हाय रं," त्यो म्हणाला. मग उगं बळंच हसला. "आता रोज नात डोळ्याम्होरं. तुला त्येच पायजे हुतं न्हवं?"

त्येच पायजे हुतं. आबाला ते नाकारता यायचं न्हाई. पर त्येच्या तोंडात चिपाड धरल्यागत झालं हुतं, रस कवाच निघून गेला आन थुकायचं ध्यानात न्हाई तसं. त्येला वाटलं, सहा म्हयनं मी ह्येच्या मागं हुतो. हजार जणांनी ह्येला रेटला आन ह्यो हालला न्हाई. आन आज ऊनाचं, मेंढरं रवंथ करत्यात, आन ह्यो गप शून्य हून पडला? त्येला त्ये पटंना. खोंडानं वळण इसरावं आन जोतीरामनं भागाकार इसरावा हे कवा झालं न्हवतं, तरी पटंना.

"ताळा बघतो," त्यो म्हणाला.

"आता कशाचा ताळा?"

"गुर्जी म्हणायचं, ताळ्याबिगर भागाकार म्हंजे दाव्याबिगर बैल."

त्येनं आलेल्या भागाला भागलेल्या आकड्यानं गुणायला घेतलं. आठ हजार नऊशे अठराला आठ हजार दोनशे एक्क्याण्णवनं. आन पयल्याच घासाला खडा लागला. आठ एके आठ. म्हंजे गुणाकार आठवर सपणार. त्येचा गडी तर तीनवर सपतोय!

आन आठवर सपणारा आकडा म्हंजे जोडीचा. जोडीनं तर पयल्याच दिशी मोजला हुता, आंगणात, तोंडात ऊस घिऊन, आन एक उरलं हुतं. जे दोनाच्या वाघरीत बसलं न्हाई त्ये आज कुठनं बसलं?

त्येनं तरी गुणाकार पुरा केला. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे अडतीस. तेहतीसचं अडतीस. पाच जादा.

पाच.

तेवढ्यात तळावरनं एक कोकरू बारीक वरडलं, आन त्येच्यावर चार आणिक. आबानं मान वळवून बघितलं. पाची मेंढ्या वाघरीत बसल्या हुत्या, कोकरं चाटत.

त्येनं वहीत वर बघितलं. शेवटची रास हुती सहासष्ट हजार तीनशे तेवीस. त्येच्या खाली त्येच्याच हातानं लिवलं हुतं तीनशे अठ्ठावीस. तेवीस आन पाच तळावर. जिभंला सवं, हाताला सवं. डोस्क्याला कुणी इचारलंच न्हाई.

आबानं दादासोला समदं दावलं. दादासोनं चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढला आन मेंढरांकडं बघत हळू बोलला. परेडीचा आवाज पार खाली आणला.

"जोतीराम, मी काय बघितलं न्हाई गड्या. पोरगी फारम भरतीया. ती ताळा बघणार न्हाई म्हणालीया. वही तुझ्याजवळ. पाच म्हंजे काय रं, सात कोटीत पाच!"

"आन मग शेजाऱ्याची पाच मेंढरं वढून आपली वाघर भरायची व्हय, सुभेदार?"

"तसं न्हवं रं."

"मग कसं?"

दादासोनं चष्मा खिशात घातला. त्यो म्हणाला, "च्या टाकायला सांगतो."

आबानं फोन लावला. राजीनं उचलला तवा तिचा आवाज जरा वलाच हुता, पर आबानं त्ये ऐकल्याचं दावलं न्हाई.

"राजे, फारम भरलास का?"

"न्हाई आजून."

"भरू नगंस. माझी चूक झाली गं. आज पाच व्याल्यात. भागाकारात ती पाच तळावरची धरली म्या."

आन मग पोरगी जी हसाया लागली, जी हसाया लागली, की आवाज भाईर न सोडताबी दादासोला बाजल्यावर ऐकू गेलं. मधीच ती हसतीया का रडतीया हे कळंना.

"पाच तळावर! आबा! आवं, आसली चूक सगळ्या युनिव्हर्सिटीत कुणाला जमायची न्हाई!"

"मग उरलं किती, सांग बघू आता."

"मी ताळा बघणार न्हाई म्हणून शब्द दिलाय."

"मीच सांगतो. सातचा भाग जातोय. आठ हजार दोनशे शहाऐंशी उरत्यात. वाघर भराया पाचच कमी."

"मग फुटला न्हाई."

"ह्येनं न्हाई फुटला. आजून तीस ऱ्हायल्यात. उगं नाचू नगंस."

पर आवाज आबाचाबी नाचत हुता. त्येला कायच कळंना झालं. जे पायजे हुतं त्ये हातचं गेलं, आन छाती कशी मोकळी मोकळी. दादासोनं च्याचा कप म्होरं केला. "दुश्मन खडा?" त्येनं इचारलं.

"खडा," आबा म्हणाला, आन मास्तर नावाच्या कोकराला बशीतला घोटभर च्या पाजला.

ऱ्हायलेले तीसच्या तीस त्येनं भागले. दादासो म्हणाला, आता कशाला जीव आटवतोस, तुलाबी ठावं हाय फुटत न्हाई. आबा म्हणाला, पैज ती पैज. वाटंनं माघारी येताना दिसाला दोन-तीन. दर खेपंला ताळा. शेवटचा आठ हजार पाचशे सत्याण्णव वडूजच्या येशीजवळ केला, घोड्याच्या पाठीवर वही ठेवून. चार हजार नऊशे तेहतीस उरलं. आबानं खाली रेघ मारली आन वही मिटली. मग घोड्याच्या मानंवर दोन थापा मारल्या, जसं काय घोड्यानंच भागाकार केला.

जूनमधी आबानं शब्द पाळला. धुतलेलं धोतर, नवा पटका, आन जयराजनं "आबा, पर" म्हणाया तोंड उघडलं तवा नुस्तं त्येच्याकडं बघितलं. साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत राजीला खिडकीजवळ बशिवली. पाची वह्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

"ह्या मला?"

"मग काय मेंढरांना? एक पान त्यांनी आदीच खाल्लंय."

राजीनं पाचवी वही उघडली. त्या पानावर चुकीच्या राशीला आबानं गोल केला हुता आन म्होरं आपल्या वाकड्या अक्षरात लिवलं हुतं, पाच तळावर. ती बराच येळ त्येच्यावर बोट फिरवत ऱ्हायली.

"आबा, राग न्हाई न्हवं?"

"कशाचा?" आबानं खिडकीच्या गजाला धरलं. "ह्येच्याम्होरं कुणी न्हाई म्हणाली हुतीस तू."

"व्हय. शेवटचा हाय."

"आसू दे शेवटचा. म्या हजारावर जणांशी झुंजवून बघितला त्येला. वाटला जात न्हाई त्यो." मग पटका नीट करून, "जेवत जा येळंवर. आन आयतवारी फोन कर. आता मी इचारणार, कुठवर."

गाडी हालली. आबा गजाला धरून चार पावलं चालला, मग सोडलं.

दिस मावळायला त्यो घरी आला. चंद्राबाई चुलीम्होरं बसली हुती, परातीत पीठ मळून तयार. तिनं हाताचं पीठ झटकलं. म्हणाली, "किती थापू भाकरी?"

आबानं पटका काढून खुंटीला लावला. "तुझ्या दोन. माझ्या दोन. आन राजीच्या दोन."

"आवं, तिला तर गाडीत बशवून आलाव न्हवं?"

"मोजणीत धरायची," आबा म्हणाला. "एक तळावर हाय."

चंद्राबाईनं त्येच्याकडं बघितलं, नाकाला पदर लावला, आन सहा भाकरींचं पीठ घेतलं. सहावी आबानं सकाळी मास्तरला चारली.